एकतीस नंबर राखीव

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बॅटरीकाकांनी छत्तीस वर्षं अंधारात नोकरी केली. चौकातल्या जुन्या थिएटरात ते डोअरकीपर होते. खेळ सुरू झाल्यावर उशिरा पोचलेली मंडळी काळोखात चाचपडत उभी राहिली की काकांच्या बॅटरीचा पिवळा ठिपका त्यांच्या पायाशी येऊन पडायचा. मग ठिपका पुढे, मंडळी मागे. "पायरी आहे, जपून. आतून सातवी. ताई, पिशवी मांडीवर घ्या, पुढच्याच्या मानेला लागते." एवढ्या शब्दांत माणूस जागेवर. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना काकांचा आवाज पाठ होता आणि चेहरा ठाऊक नव्हता. दिवसाउजेडी ते भाजी घेत असले तर कोणी ढुंकून बघायचं नाही, पण त्यांनी "जरा सरका" म्हटलं की दहा माणसं एकदम पाय आत घ्यायची.

काकांची काही तत्त्वं होती. बॅटरी तिकिटावर मारायची, तोंडावर नाही. "कोण कोणाला घेऊन आलंय हे बघणं आपलं काम नाही. तिकीट खरं ना? मग माणूस खरा." आणि नंबराची खुर्ची मोकळी दिसली म्हणून तिथे दुसऱ्याला बसवायचं नाही. मध्यंतर झालं, शेवट आला, नायिका मरायला टेकली, तरी नाही. "तो येईल की. गाडी चुकली असेल, घरात कोणी आजारी असेल. शेवटची पाच मिनिटं बघायला आला तरी त्याची खुर्ची त्याला मिळाली पाहिजे."

थिएटर बंद पडलं तेव्हा काका एकसष्ट वर्षांचे होते. खुर्च्या उपटून ट्रकमध्ये भरत होते तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले होते, आणि मी त्यांच्या शेजारी. एकेक खुर्ची बाहेर आली की ते पुटपुटायचे, "एफ बारा. एफ तेरा." पाठ फिरवलेल्या खुर्चीचा नंबर कसा ओळखता, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळून टाकलं. पुढची काही वर्षं त्यांनी घरातल्यांना बेजार केलं. अर्धं आयुष्य लोकांना जागेवर बसवण्यात गेलेलं, आणि आता बसवायला उरले फक्त दोघे, काकू आणि मुलगा. ते दोघंही आधीच बसलेले असायचे.

अशात मुलाने घरात राउटर आणला. मुलाला काका कायम 'चिरंजीव' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. चिरंजीव कचेऱ्यांमधून इंटरनेटची जोडणी करून द्यायचं काम करत. उंच, शांत, थोडा वाकून चालणारा मुलगा. बापाच्या बडबडीला त्याचं उत्तर म्हणजे एक बारीक हसू. राउटर आल्यावर पहिल्याच आठवड्यात काकूंचा प्रिंटर रुसला. काकूंना विणकामाचे नमुने छापून घ्यायचा नाद. आज छापायचा, उद्या कॉम्प्युटर म्हणायचा, प्रिंटर सापडत नाही. आणि प्रिंटर तर टेबलावर डोळ्यांसमोर बसलेला.

"आई, त्याचा नंबर बदलतोय," चिरंजीवांनी निदान केलं. "घरातलं प्रत्येक यंत्र चालू झालं की या डबीकडे नंबर मागतं. डबी जो मोकळा असेल तो देते. काल पाच नंबर प्रिंटरला होता. आज पाचवर टीव्ही बसलाय. तू छापायला सांगतेस पाचला."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे बिननंबरी तिकिटं? पुढच्या बाकड्यांसारखी? जो आधी घुसेल तो बसेल?"

"तसंच म्हणा."

"माझ्या घरात हा प्रकार चालू आहे आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"राखीव करता येतात, बाबा. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ओळखीचा नंबर मिळालेला असतो. तो या डबीला एकदा सांगून ठेवायचा. मग ते यंत्र कधीही येवो, चार दिवसांनी, चार वर्षांनी, त्याला त्याचीच जागा मिळते. दुसऱ्या कोणाला देत नाही ती."

काका खुर्चीतून उठले. थिएटर बंद पडल्यापासून त्यांना इतक्या चपळाईने उठताना मी पाहिलं नव्हतं.

"वही आण," ते म्हणाले.

तो अख्खा दिवस बापलेक त्या वहीवर वाकून बसले होते. पत्त्याचे पहिले तीन ठोकळे सगळ्यांना सारखे, शेवटचा आकडा तेवढा वेगळा, हे कळल्यावर काका म्हणाले, "थिएटर एकच, खुर्ची वेगळी. यात शिकण्यासारखं काय आहे?" आणि त्यांनी आराखडा आखला. एक ते नऊ व्यवस्थापन. राउटर स्वतः एक नंबर, म्हणजे मॅनेजर. दहापासून घरची वडीलधारी. वीसपासून यंत्रं: वीस प्रिंटर, एकवीस टीव्ही, बावीस वजनकाटा. हा वजनकाटा काकूंचं वजन थेट फोनवर कळवायचा. त्याला नंबर देऊ नका, गप्प बसलेला बरा, असं काकूंचं म्हणणं होतं. तीसपासून चिरंजीव: एकतीस त्याचा फोन, बत्तीस लॅपटॉप. शंभरच्या पुढे खुलं मैदान, पाहुण्यारावळ्यांसाठी.

"मला दहा नंबर का?" काकूंनी विचारलं.

"कोपऱ्याची आहे. उठायला बरी."

"आणि तुम्ही अकरा. इथेही शेजारीच. चाळीस वर्षं झाली, जरा लांब बसा की."

माझाही फोन त्यांच्या घरी गेलो की चालायचा. मी मोठ्या आशेने विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही शंभरच्या पुढे," काका वहीतून मान वर न करता म्हणाले. "जिथे मिळेल तिथे बसायचं. आणि खेळ संपला की रेंगाळायचं नाही."

त्यावर बापलेक इतके हसले, तसे हसलेले मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत.

त्यानंतर वर्षभरातच चिरंजीवांनी घरात सांगितलं की मला लग्न करायचं आहे. मुलगी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी होती आणि तिचं आधीचं एक लग्न मोडलेलं होतं. शिवणकामाच्या कारखान्यात मापं काढायची. काकू म्हणाल्या, "घेऊन तर ये. बघू दे मला." काका मात्र पेटले. का पेटले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ज्या माणसाने छत्तीस वर्षांत एकाही जोडप्याच्या तोंडावर बॅटरी मारली नाही, त्याला स्वतःच्या मुलाच्या बाबतीत सगळा उजेड एकदम हवासा वाटला. लोक काय म्हणतील, तिचं वय, पहिल्या नवऱ्याने का सोडलं. आमच्या घरापर्यंत आवाज येत होता. शेवटी काकांनी जिन्यातल्या दारात उभं राहून जे वाक्य टाकलं ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं.

"या घरात तिला जागा नाही. हाउसफुल्ल आहे!"

तीन खोल्या, तीन माणसं, आणि हाउसफुल्ल. दुसरं कोणी बोललं असतं तर मी हसलो असतो. चिरंजीव हसला नाही. त्याने एक बॅग भरली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरला. उतरताना एवढंच म्हणाला, "तुम्ही बोलवाल तेव्हा येईन, बाबा."

काकांनी वरून उत्तर दिलं, "दार काही बंद केलेलं नाही मी. बोलवायचं काय त्यात?"

झालं. या दोन वाक्यांवर घर अडकून बसलं. तो म्हणे बोलवा. हे म्हणत दार उघडं आहे.

चिरंजीवाने लग्न केलं, दुसऱ्या शहरात बिऱ्हाड थाटलं. इथून गाडीने एका दिवसाचा रस्ता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तो आईला फोन करायचा. त्या वेळी काका न चुकता उठून मागच्या गॅलरीत जायचे आणि कुंड्यांना पाणी घालायचे. त्या कुंड्यांपैकी एकीत फक्त माती होती. तिलाही घालायचे. फोन संपला की आत येऊन विचारायचे, "कोणाचा होता?"

"बहिणीचा," काकू म्हणायच्या.

"बरी आहे ना?"

"बरी आहे. खोकला होता, आता कमी आहे. कामाचा फार ताण आहे म्हणत होती."

"जपून राहायला सांग तिला."

काकूंच्या बहिणीला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

राउटर एका जागी पडून चालणारी वस्तू आहे. ती उघडून रोज बघायचं काही कारण नसतं. पण काका रोज सकाळी चहाच्या आधी टॅब्लेटवर राउटरचं पान उघडायचे आणि राखीव यादी वरून खाली वाचायचे. चालू असलेल्या यंत्रासमोर हिरवा ठिपका, बंद असलेल्यासमोर राखाडी. मला वाटायचं, जुन्या सवयीने हजेरी घेतात, घेऊ देत. खरी गोष्ट कळली ती डबी बदलायची वेळ आली तेव्हा.

जुना राउटर जळाला आणि कंपनीचा माणूस नवा घेऊन आला. तरणा, तरतरीत, तोंडात च्युइंगम. तो म्हणाला, "आजोबा, नवं नाव काय ठेवायचं नेटवर्कचं? काहीतरी झकास सांगा."

"जुनंच. आणि पासवर्डही जुनाच. अक्षर न् अक्षर."

"जुना पासवर्ड चार वर्षांचा आहे. बदललेला चांगला असतो."

"चांगला असेल. जुनाच ठेवा."

"बरं. आता डबी घराच्या मध्यावर ठेवू. सगळ्या खोल्यांत सारखी रेंज येईल."

"खिडकीत ठेवा. रस्त्याकडच्या."

त्याने च्युइंगम थांबवलं. "आजोबा, रस्त्यावर कोणाला नेट द्यायचंय तुम्हाला? कुत्र्यांना?"

"तुम्हाला सांगतोय तिथे ठेवा हो!"

काकूंनी खिडकीतलं मोरपंखी रंगाची फुलदाणी मुकाट्याने उचलली आणि जागा करून दिली. तो माणूस गेल्यावर काका वही घेऊन एकेक राखीव नंबर नव्या डबीत पुन्हा भरायला बसले. आकडे आणि अक्षरं मिळून बारा खुणांचा ओळखीचा नंबर, त्यापुढे जागेचा नंबर, त्यापुढे नाव. मी वाचून दाखवत होतो आणि ते एका बोटाने टाइप करत होते. तीसच्या रांगेशी आलो आणि मी थांबलो.

"काका, हे दोन भरायचे?"

"का? तिकीट रद्द झालंय का?"

"तसं नाही, पण..."

"हे बघा," ते हळूच म्हणाले. काकू स्वयंपाकघरात होत्या. "त्याच्या फोनला या घराचं नाव पाठ आहे आणि पासवर्डही पाठ आहे. मी काही बदललं नाही, तर तो फोन खालच्या रस्त्यावर जरी आला तरी आपोआप जोडला जाईल. आणि एकतीसपुढे हिरवा ठिपका पडेल. त्याने वर येऊन बेल वाजवायच्या आधी मला कळेल. मग मी दार उघडून उभा राहीन. बेल वाजवायला लागू नये त्याला. आपल्या घराची बेल वाजवून यायचं म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं आणि टाइप केलं: चिरंजीव, फोन.

माझ्या मनात आलं, चार-चार वर्षं एकच फोन कोण वापरतं हल्ली? त्याने नवा घेतला असेल तर ओळखीचा नंबरच वेगळा. मग ही खुर्ची जगबुडीपर्यंत रिकामी. बोललो नाही. काकांनीच ओळखलं. "त्याला जुन्या वस्तू टाकवत नाहीत," ते म्हणाले. "आईवर गेलाय. पाचवीतली कंपासपेटी अजून वापरतो."

आणि एक दिवस ठिपका पडला.

रविवारची दुपार होती, साडेचार वाजले असतील. काकू झोपल्या होत्या. टीव्ही अडखळत होता म्हणून काकांनी मला बोलावलं होतं आणि आम्ही यादी उघडून बसलो होतो. एकतीसपुढचा राखाडी ठिपका आमच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. काकांचा हात टॅब्लेटवर तसाच राहिला. मग ते उठले, केसांवरून हात फिरवला आणि दाराची जुनी कडी सरकवून दार सताड उघडलं. ती कडी इतकी वाजते की तळमजल्यावर ऐकू जाते. आणि उंबऱ्याच्या आत, एका बाजूला होऊन, पाय जुळवून उभे राहिले. थिएटरात उभे राहायचे तसे.

"काका, खाली जा की!"

"नाही."

"अहो, तो खाली उभा आहे. बघा तरी खिडकीतून!"

"डोअरकीपर दार सोडून बाहेर जात नाही," काका म्हणाले. मान ताठ. "रस्त्यावर जाऊन माणसं ओढून आणायची नसतात. त्यांचा मान जातो आणि आपलाही. आपण दार उघडून उभं राहायचं. ज्याच्याकडे तिकीट आहे तो येतो."

मी खिडकीकडे निघालो, तर त्यांनी मलाही हाताने थांबवलं. जिन्याचा आवाज ऐकत आम्ही उभे राहिलो. कोणीतरी वर आलं. त्या वरच्या मजल्यावरच्या बाई निघाल्या, दूध घेऊन. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. मग टॅब्लेटवरचा ठिपका राखाडी झाला. काका आणखी बराच वेळ उभे होते. शेवटी त्यांनी दार लोटलं, कडी मात्र लावली नाही.

"रस्ता तर सापडलाय त्याला," ते म्हणाले. "आज नाही तर पुन्हा येईल. हिला बोलू नका."

मी काकूंना बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. काकूंच्यात तत्त्वं कमी होती.

पुढची दोन वर्षं काकांची सकाळ त्या एका ओळीसाठी उजाडायची. चेष्टा करावी तर कशाची करावी! कधी मी म्हणायचो, "काका, मला तरी एक राखीव नंबर द्या आता, किती दिवस शंभरच्या पुढे उभा राहू?" तर ते म्हणायचे, "अर्ज करा." आणि हसायचे, आणि हसता हसता बोट एकतीसवर जायचं. एकदा न राहवून मी सरळच विचारलं, "तुम्हीच एक फोन करा ना. दोन शब्द. ये म्हणा."

 "मी ते वाक्य दारात बोललो," ते म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलं. ते फोनवर कुजबुजून परत घेता येत नाही. तो दारात आला की तिथेच घेईन. मोठ्याने घेईन."

मंगळवार होता तो. सकाळचे अकरा. काकूंनी चहा टाकला होता आणि मी त्यांच्या घरचं वर्तमानपत्र फुकट वाचत होतो. काकांनी यादी उघडली आणि टॅब्लेट माझ्यासमोर धरला. मी वर बघितलं. एकतीसपुढे हिरवा ठिपका होता.

या वेळी त्यांनी केसांवरून हात फिरवला नाही. "अगं!" ते ओरडले. "अगं, तो आलाय! खाली उभा आहे!"

"कोण?" काकू आतून म्हणाल्या, पण गॅस बंद केल्याचा आवाज त्या आधीच आला होता.

"चिरंजीव!"

आणि त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस अनवाणी जिना उतरू लागला. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागे. दोनदा तोल गेला, दोनदा कठड्याने वाचवलं. "दार सोडलंत की, काका," मी म्हणालो. थट्टाच होती, मलाही आनंद आवरत नव्हता. ते धापा टाकत म्हणाले, "खड्ड्यात गेलं दार!"

फाटकाशी एक बाई उभी होती. चाळिशीची, अंगात साधे करड्या रंगाचे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, हातात फोन. ती फोनमध्ये बघत होती आणि मग इमारतीच्या नंबराकडे. काका तिला ओलांडून पुढे गेले. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. पलीकडे दुकानाच्या पायरीवर एक माणूस बसला होता, त्याच्याकडे निरखून बघितलं. मग वळले.

"इथे कोणी उभा होता का हो? उंच. जरा वाकून चालतो."

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. ओळख पटायला तिला वेळ लागला नाही. मुलाची हनुवटी बापाचीच होती.

"तुम्ही बाबा," ती म्हणाली.

काकांनी खाली बघितलं. आधी तिच्या हातातल्या फोनकडे, कोपरा फुटलेला, पाठीवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा. मग तिच्या तोंडाकडे.

"हा त्याचा फोन आहे," काका म्हणाले.

"हो. तुमचा पत्ता यातच होता. मला घर माहीत नव्हतं."

"तो कुठे आहे?"

तिने सांगितलं. साधा ताप म्हणून सुरुवात झाली. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोपर्यंत जंतूंचं विष रक्तात पसरलं होतं. पाचव्या दिवशी शुद्ध गेली. शुद्धीत असताना म्हणाला होता, घरी कळवू नकोस, उगाच घाबरतील, बरा झालो की मीच जाऊन येतो. सातव्या दिवशी गेला. त्यालाही आता नऊ दिवस झाले होते. "मी तुमचा नंबर चार वेळा काढला," ती म्हणाली. "फोनवर सांगायला जमेना. रागवा माझ्यावर. मी आधी यायला हवं होतं."

काका रागावले नाहीत. त्यांनी फाटकाच्या गजाला धरलं. मी त्यांच्या चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या, म्हणजे काहीतरी करायचं म्हणून ठेवल्या, आणि त्यांनी त्या घातल्याही, डावी उजव्या पायात.  सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"वर चल," शेवटी काका म्हणाले.

तिने मान हलवली. "नको. मी सांगायला आले होते. त्याचे काही कागद आणि घड्याळ आहे पिशवीत, ते देऊन जाते. वर येणार नाही. त्याने सांगितलंय मला सगळं. मी..."

"वर चल," ते पुन्हा म्हणाले, आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांनी भिंतीला टेकून विचारलं, "दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो इथे आला होता. खाली उभा होता. तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"अकरा मिनिटं उभा होता. वर का नाही आला?"

 खोटं बोलावं की नाही, हे ती ठरवत होती. मला तिच्या तोंडावर ते दिसत होतं.

"सांग."

"कडी वाजलेली त्याने ऐकली होती," ती म्हणाली. "घरी येऊन मला म्हणाला, बाबांनी दार उघडलं गं. मला वाटलं, आता खाली येतील. मी वाट बघितली. आले नाहीत."

काकांनी मान डोलावली, जसं काही कोणी रस्ता विचारला होता आणि उत्तर बरोबर मिळालं. मग ते चढू लागले. मला वाटलं, आता कोसळतील, म्हणून मी अगदी पाठीशी राहिलो. कोसळले नाहीत. कोसळले असते तर बरं झालं असतं.

वर दार सताड उघडं होतं आणि काकू उंबऱ्याबाहेर येऊन उभ्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांनी केस विंचरले होते, चांगली साडी गुंडाळली होती, निऱ्या एका बाजूला घसरल्या होत्या. हातात टॉवेल होता. प्रवासातून आला की तोंड धुतो म्हणून. त्यांनी काकांना बघितलं, मला बघितलं. त्या बाईला बघितलं, आणि ती कोण हे त्यांना लगेच कळलं, कारण त्या हसल्या आणि तिचा हात धरला.

"ये गं. किती दिवसांनी. दमली असशील." आणि मग आमच्या पाठीमागे, जिन्यात. "तो कुठे राहिला?"

काकांनी तोंड उघडलं.  त्या बाईने खाली मान घातली.

"अजून अडून बसलाय का खाली?" काकू म्हणाल्या. "बापासारखाच हट्टी मेला. तुम्ही खाली जाऊनसुद्धा ये म्हणाला नाहीत ना? शेवटी मीच मारायची ना हाक?" आणि कोणी काही बोलायच्या आत त्या कठड्याशी गेल्या, टॉवेल खांद्यावर टाकला, वाकल्या आणि सहा वर्षं आवरून धरलेल्या आवाजात जिन्याच्या पोकळीत ओरडल्या, "ये रे वर! कोणी रागावलेलं नाही! ये!"

खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. काकांनी काकूंना धरायला हात पुढे केला आणि तो हात हवेतच राहिला. काकूंनी कान देऊन ऐकलं, पाऊल वाजतंय का, आणि पुन्हा हाक मारली.